मामा आणि भाचा

शाळेंत असतांना इंग्लंडच्या इतिहासांतील राजपुत्र रूपर्ट आम्हांला एका वाक्यांत शिकविला गेला. राजाच्या पक्षाच्या घोडदळाचा शूर पण उतावळा सेनापति; शत्रूची फळी फोडून तो इतका दूर निघून जाई कीं, परत येईपर्यंत लढाई हातची गेलेली असे. हें वाक्य आम्हीं पाठ केलें, परीक्षेंत लिहिलें, त्याबद्दल गुण मिळविले आणि रूपर्टास विसरून गेलों. पुढें पुष्कळ वर्षांनीं, आयुष्य उताराला लागल्यावर, एका पावसाळ्यांत घरीं बसून तोच इतिहास मीं पुन्हां वाचावयास घेतला. या खेपेस माझी दृष्टि त्याच्या घोड्यावर न खिळतां एका अगदीं साध्या गोष्टीवर खिळली. रूपर्ट हा राजाचा भाचा होता. सख्ख्या बहिणीचा मुलगा. ही गोष्ट शाळेंत कोणी सांगितली नव्हती असें नाहीं. पण त्या वयांत ‘मामा’ या शब्दाचा अर्थ सुटी, आंबे आणि लाड एवढाच असतो. भाचेपणाचे दिवस संपून स्वतः मामा होण्याचे दिवस आले, म्हणजे त्या नात्यांत आणखीहि कांहीं असतें हें कळूं लागतें. मला तें कसें कळलें तें शेवटीं सांगेन. आधीं या मामाभाच्यांची हकीकत सांगितली पाहिजे.

राजा पहिला चार्ल्स याची बहीण एलिझाबेथ ही जर्मनींतील पॅलेटिनेटचा अधिपति फ्रेडरिक यास दिली होती. फ्रेडरिकानें १६१९ सालीं बोहेमियाचें राज्यपद पत्करलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत प्राग शहरीं रूपर्टाचा जन्म झाला. पुढच्याच नोव्हेंबरांत व्हाइट माउंटनच्या लढाईंत बादशाही सैन्यानें फ्रेडरिकाचा पुरा मोड केला. राजाराणी जीव घेऊन निघालीं. त्या धांदलींत वर्षाचें मूल वाड्यांत मागेंच राहिलें! एका दरबाऱ्याच्या तें दृष्टीस पडलें, म्हणून निघतां निघतां त्यास एका गाडींत टाकून नेण्यांत आलें. ज्याच्या आयुष्याचा आरंभ असा झाला, त्याला स्वतःचें म्हणून घर कोठून असणार? हॉलंडांत परक्यांच्या आश्रयानें तीं भावंडें वाढलीं. १६३२ सालीं वडील वारले. १६३६ सालीं रूपर्ट मामाकडे इंग्लंडांत पाहुणा म्हणून गेला. चार्ल्सला हा सोळा वर्षांचा उंचापुरा, बोलका पोर फार आवडला; आणि पोराला तो देश इतका आवडला कीं, निघावयाच्या दिवशीं शिकारीला गेला असतां, येथेंच घोड्यावरून पडून मान मोडावी, म्हणजे निदान आपलीं हाडें तरी इंग्लंडांत राहतील, असें तो बोलून गेला, अशी आख्यायिका आहे. पितृहीन मुलाच्या तोंडचे हे शब्द ज्या मामानें ऐकले असतील, त्याच्या मनांत काय आलें असेल, हें मी समजूं शकतों.

पुढें १६३८ सालीं वडिलांचें गेलेलें राज्य परत मिळविण्याच्या एका मोहिमेंत रूपर्ट पकडला गेला आणि सुमारें तीन वर्षें ऑस्ट्रियांतील लिंझच्या किल्ल्यांत बंदींत पडला. तेथें सोबतीला त्याला एक पांढरा शुभ्र कुत्रा मिळाला. त्याचें नांव ‘बॉय’. सुटका झाली तेव्हां इंग्लंडांत मामाच्या घराला आग लागली होती. कर कोणी बसवावे, धर्मव्यवस्था कोणी ठरवावी आणि सैन्य कोणाच्या हुकमांत असावें, या प्रश्नांवर राजा आणि पार्लमेंट यांचें पुरतें फाटलें होतें. १६४२ सालच्या ऑगस्टच्या २२ तारखेस चार्ल्सनें नॉटिंगहॅम येथें युद्धाचें निशाण उभारलें. रूपर्ट त्यावेळीं अवघा बावीस वर्षांचा होता. धाकटा भाऊ मॉरिस यास घेऊन तो मामाच्या मदतीस धांवला. राजानें त्याला साऱ्या घोडदळाचा सेनापति केलें, आणि राजावांचून इतर कोणाचाहि हुकूम मानण्याचें त्यास कारण नाहीं अशी सवलतहि दिली. मामाच्या ममतेची ही पहिली चूक. ज्याला आपण फार मानतों त्याला कोणाचें ऐकावयास लावीत नाहीं, आणि मग त्यानें कोणाचें ऐकलें नाहीं म्हणजे दोष त्याच्या स्वभावाला देतों.

या सवलतीचें फळ पहिल्याच मोठ्या लढाईंत दिसलें. २३ ऑक्टोबर १६४२ रोजीं एजहिल येथें दोन्ही सैन्यें समोरासमोर आलीं. पायदळ कसें उभें करावें याविषयीं रूपर्ट आणि मुख्य सेनापति लॉर्ड लिंडसे यांचा मतभेद झाला. राजानें भाच्याची बाजू घेतली. साठीला आलेल्या लिंडसेनें सेनापतिपद सोडलें, आपल्या पलटणीच्या अग्रभागीं सामान्य सरदारासारखा तो पायीं उभा राहिला, आणि त्या लढाईंतील जखमांनीं मेला. इकडे रूपर्टानें उजव्या अंगानें असा हल्ला चढविला कीं, समोरचें घोडदळ उभेंच राहूं शकलें नाहीं. पळणाऱ्यांच्या पाठीवर त्याचे स्वार काइन्टन गांवापर्यंत गेले. तेथें शत्रूचें सामानसुमान हातीं लागलें. मदतीसाठीं मागें राखलेले स्वारहि तो तमाशा पाहून उधळले. मध्यभागीं राजाचें पायदळ उघडें पडलें. निशाण धरणारा सर एडमंड व्हर्नी मारला गेला आणि राजाचें निशाण कांहीं काळ शत्रूच्या हातीं गेलें. स्वार परत आले तेव्हां अंधार पडत होता. आपली बाजू त्यांनीं निर्विवाद जिंकली होती. लढाई मात्र कोणीच जिंकली नव्हती.

आमच्या शाळेंतील वाक्य एवढ्यावरच उभें होतें. परंतु रूपर्ट नुसता उधळणारा स्वार नव्हता. जुलै १६४३ मध्यें त्यानें ब्रिस्टलसारखें मोठें बंदर घेतलें. मार्च १६४४ मध्यें न्यूअर्कला पडलेला वेढा त्यानें अशा शिताफीनें उठविला कीं, वेढा घालणारेच वेढले गेले. लिचफील्डच्या वेढ्यांत त्यानें तटाखालीं सुरुंग उडविला. इंग्लंडांत दारूचा सुरुंग उडण्याचा तो पहिलाच प्रसंग मानतात. झोप थोडी, श्रम अपार, आणि डोकें सतत कांहींतरी नवें शोधीत असलेलें, असा हा पुरुष होता. त्याच्या नांवावरचे काळे डागहि लपविण्याजोगे नाहींत. १६४३ सालीं त्याच्या फौजेनें बर्मिंगहॅम जाळलें आणि लुटलें. मे १६४४ मध्यें बोल्टन येथें शहर घेतल्यावर जी कत्तल झाली तिचा बोभाटा देशभर झाला. परक्या देशांतील युद्धाची क्रूरता त्यानें मामाच्या देशांत आणली, असें प्रतिपक्षी म्हणत, आणि तें सर्वस्वीं खोटें नव्हतें. त्याचा पांढरा कुत्रा म्हणजे पिशाच्च आहे, अशीं पत्रकेंहि लंडनांत छापून निघालीं.

यादवीचें दुःख हेंच कीं, तिच्यांत शत्रु दूरचा नसतो. रूपर्टाचा थोरला भाऊ चार्ल्स लुई हा १६४४ सालीं लंडनास जाऊन पार्लमेंटच्या आश्रयानें राहिला, आणि पार्लमेंटनें त्यास तनखा बांधून दिला. दोन धाकटे भाऊ मामासाठीं रक्त सांडीत होते. थोरला मामाच्या शत्रूंच्या पंक्तीला जेवत होता. आणि आई तिकडे हॉलंडांत बसून दोहोंकडच्या बातम्यांची वाट पाहत होती. आमच्याकडे भाऊबंदकी हा शब्द जमीनजुमल्याच्या संदर्भांत इतका वापरला जातो कीं, तो राजघराण्याला लावतांना संकोच वाटतो. पण तें दुःख वाड्यांत काय आणि राजवाड्यांत काय, एकाच जातीचें असतें.

१६४४ सालच्या उन्हाळ्यांत उत्तरेकडे यॉर्क शहराला वेढा पडला होता. १४ जून रोजीं राजानें भाच्याला एक पत्र लिहिलें. त्या पत्राची वाक्यरचना अशी कांहीं गुंतागुंतीची आहे कीं, यॉर्क सोडवून तूं माझ्याकडे ये, असाहि अर्थ निघतो. आणि यॉर्क सोडवून तेथील बंडखोर सैन्याचा पराभव केलाच पाहिजे, असाहि निघतो. रूपर्टानें दुसरा अर्थ घेतला. १ जुलैस त्यानें युक्तीनें यॉर्क सोडविलें, आणि दुसऱ्या दिवशीं मार्स्टन मूरच्या माळावर आपल्याहून पुष्कळ मोठ्या सैन्याला तोंड देण्यास तो उभा राहिला. यॉर्कचें पायदळ येण्यास उशीर झाला. संध्याकाळ झाली, आतां आज लढाई होत नाहीं असें समजून रूपर्ट जेवावयास गेला, आणि सातच्या सुमारास, मेघगर्जना होत असतां, शत्रु चालून आला. क्रॉम्वेलचे स्वार आणि रूपर्टाचे स्वार यांत भेद होता तो शौर्याचा नव्हता. समोरची फळी फोडल्यावर क्रॉम्वेलचे स्वार थांबत, पुन्हां रांग धरीत आणि दुसरीकडे वळत. त्या रात्रीं राजाकडील सुमारें ४,००० माणसें माळावर पडलीं असें सांगतात. उत्तर इंग्लंड राजाच्या हातून गेलें. आणि प्रेतांत तो पांढरा कुत्राहि सांपडला.

या पराभवाचें सारें खापर रूपर्टावर फुटलें. तें पत्र दाखवून त्याला म्हणतां आलें असतें कीं, मीं मामांच्या आज्ञेप्रमाणें केलें. त्यानें तें पत्र मरेपर्यंत जपून ठेवलें. पण स्वतःच्या समर्थनासाठीं तें त्यानें कधीं जगापुढें मांडलें नाहीं. वाचतांना या ठिकाणीं मीं पुस्तक मिटून ठेवलें आणि बराच वेळ पुढें वाचूं शकलों नाहीं.

१६४४ च्या नोव्हेंबरांत रूपर्ट साऱ्या राजपक्षीय सैन्याचा मुख्य झाला. १४ जून १६४५ रोजीं नेस्बी येथें शेवटचा मोठा डाव खेळला गेला. येथें लढाई देऊं नये असें त्याचें मत होतें. दरबारांतील मंडळींच्या आग्रहापुढें तें चाललें नाहीं. लढाई जुंपल्यावर मात्र तो पुन्हां पूर्वीचाच रूपर्ट झाला: समोरचे स्वार उधळून लावून थेट शत्रूच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत गेला, आणि परत आला तों क्रॉम्वेलनें मधलें पायदळ गिळून टाकलें होतें. माणसाला आपला दोष कळतो, पण अंगीं मुरलेला दोष कळण्यानें जातो असें नाहीं.

तथापि नेस्बीच्या पराभवानंतर या माणसानें एक गोष्ट केली, आणि ती माझ्या मतें त्याच्या साऱ्या हल्ल्यांहून धैर्याची होती. तो थांबला. जुलैच्या अखेरीस एका स्नेही सरदाराच्या द्वारें त्यानें राजाला कळविलें कीं, आतां तह केल्यावांचून आपला वंश, राज्य आणि सरदारमंडळी यांतील कांहींच वांचणार नाहीं. ज्याच्या नांवानें शत्रूचीं मुलें भ्यावीं, त्यानें तहाचा सल्ला द्यावा! राजाचें उत्तर मोठें विलक्षण आहे. नुसत्या शिपायाच्या किंवा मुत्सद्द्याच्या दृष्टीनें पाहतां आपला नाश ठरलेलाच आहे, हें त्यानें मान्य केलें. पण देव बंडखोरांना यश देणार नाहीं, म्हणून तह करावयाचा नाहीं, असें त्यानें लिहिलें. भाचा नकाशा पाहून बोलत होता. मामा आकाशाकडे पाहून.

त्यानंतर ब्रिस्टल. तें शहर चार महिने लढवीन असें रूपर्टानें राजास सांगितलें होतें. प्रत्यक्षांत तट लांब, शिपाई थोडे, आंत रोगराई. १० सप्टेंबरच्या पहाटे फेअरफॅक्सनें हल्ला करून तट फोडला आणि एका बुरुजावरील लोक कापून काढले. सबंध शहराची तीच गत होण्यापूर्वीं रूपर्टानें अटींवर शहर खालीं केलें. बोल्टनचा रूपर्ट असता तर रस्त्यारस्त्यांतून रक्त वाहविलें असतें. हा रूपर्ट माणसें वांचवून बाहेर पडला. चार दिवसांत मामाचें पत्र आलें. रक्तानें आणि स्नेहानें इतक्या जवळचा माणूस इतकें हीन कृत्य करतो, याहून मोठें संकट आपल्यावर आलें नाहीं. आतां समुद्रापलीकडे जाऊन पोट भरावें. असा त्याचा आशय होता. सोबत देशाबाहेर जाण्याचा परवाना जोडलेला होता.

रूपर्ट परदेशीं गेला नाहीं. शत्रूच्या मुलखांतून वाट काढीत ऑक्टोबरांत तो न्यूअर्कला राजापुढें जाऊन उभा राहिला आणि माझा न्याय करा म्हणाला. युद्धसभेनें त्याला भ्याडपणा व राजद्रोह या दोन्ही आरोपांतून मुक्त केलें. पण सेनापतिपद परत मिळालें नाहीं. उलट तेथें आणखी एक कडाक्याचें भांडण होऊन तो निघून गेला.

आतां माझी गोष्ट. ती लहान आहे. तिच्यांत राज्यें गेलीं नाहींत, एक विहीर गेली, आणि तीहि अर्धीच. आमच्या वडिलार्जित वाड्याच्या मागल्या अंगणांतील विहिरीवरून माझा आणि चुलत घराचा वाद होता. माझा भाचा वडील लवकर वारल्यामुळें माझ्याच घरीं राहून शिकला आणि वकील झाला. त्यानें माझा दावा अंगावर घेतला. उलटतपासणींत माझ्या चुलतभावाची त्यानें अशी भंबेरी उडविली कीं, मी घरीं येऊन ती हकीकत चार चार वेळां मंडळींना सांगत असें. खालच्या कोर्टांत निकाल माझ्यासारखा झाला. त्या दिवशीं मीं पेढे वांटले. चुलत घराच्या ओसरीवरून एक म्हातारी काकू आमच्याकडे पाहत होती, तिच्याकडे मीं पाहिलें नाहीं.

पुढें त्यांनीं अपील केलें. एका संध्याकाळीं भाचा आला, कागदांचें दप्तर त्यानें माझ्यापुढें ठेवलें आणि म्हणाला, “मामा, मीं सारे कागद पुन्हां पाहिले. अपिलांत आपण टिकत नाहीं. विहीर दोघांची ठेवूं या. मी तिकडे जाऊन बोलतों.” मी म्हणालों, “तूं त्यांना फितूर झालास.” एवढेंच नव्हे, ज्या घराचें अन्न खाल्लें त्याचाहि उल्लेख मीं केला. तो कांहीं बोलला नाहीं. वांकून नमस्कार केला आणि गेला. मीं दुसरा वकील दिला. पांच वर्षांनीं वरच्या कोर्टाचा हुकूम झाला कीं, विहीर दोघांची. म्हणजे भाच्यानें सांगितलें होतें तेंच झालें. फक्त मधल्या काळांत ती काकू वारली आणि तिच्या दहाव्याला मी गेलों नाहीं.

इतकीं वर्षें मी समजत होतों कीं, मी रागीट आहें, उतावळा आहें. म्हणजे रूपर्टाच्या जातीचा आहें. या पावसाळ्यांत ब्रिस्टलचें तें प्रकरण वाचतांना लख्ख कळलें कीं, मी रूपर्ट कधींच नव्हतों. मी चार्ल्स होतों. भाचा माझ्यासाठीं दुसऱ्यांवर तुटून पडत होता तोंपर्यंत त्याचा उतावळेपणा मला शौर्य वाटला. तो शहाणा झाला त्या दिवशीं मीं त्याला फितूर म्हटलें. ज्याच्या तेजावर आपण जगतों, त्यानें आपल्याला आंवर म्हणावें, हें सहन होण्यास राजाला जें मन लागतें तेंच घरच्या वडील माणसालाहि लागतें. आणि तें फार थोड्यांना असतें.

इतिहासांत या मामाभाच्यांची समेट झाली. १६४५ च्या अखेरीस ऑक्सफर्ड येथें रूपर्टानें क्षमा मागणारें पत्र लिहिलें, आणि राजानें त्याला पोटाशीं धरलें. वांकला तो भाचाच. १६४६ च्या जुलैंत पार्लमेंटच्या हुकमानें रूपर्टाला इंग्लंड सोडावें लागलें. ३० जानेवारी १६४९ रोजीं राजाचा शिरच्छेद झाला. त्यानंतरहि रूपर्ट त्याच राजघराण्यासाठीं समुद्रावर लढत राहिला. १६५२ सालीं वेस्ट इंडीजजवळच्या तुफानांत त्याचा मॉरिस बुडाला. १६६० सालीं राजपद परत आलें आणि रूपर्टहि परत आला. उतारवयांत विंडसरच्या किल्ल्यांत तो धातूच्या पत्र्यावर चित्रें कोरीत आणि रसायनांचे प्रयोग करीत बसे. १६८२ सालीं तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबींत त्याला पुरलें. सोळाव्या वर्षींची इच्छा पुरी झाली. हाडें इंग्लंडांतच राहिलीं.

पुस्तक संपलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं मी भाच्याच्या गांवीं गेलों. वाटेंत पुष्कळ वाक्यें जुळविलीं होतीं. दारांत त्याला पाहिल्यावर त्यांतील एकहि आठवलें नाहीं. “मामा, आंत या,” म्हणून त्यानें माझ्या हातांतली छत्री घेतली आणि मुलाला हांक मारून सांगितलें, “आजोबांना पाणी आण.” मीं त्याला म्हटलें, “विहिरीचें तुझें म्हणणें खरें होतें.” तो हसून म्हणाला, “कोणती विहीर?” जेवणें झाल्यावर सूनबाईशीं बोलतांना सहज कळलें कीं, मामांकडे जाणें कां बंद झालें हें त्यानें घरांत कोणालाच, आपल्या आईलाहि, सांगितलें नव्हतें. विचारलें तर, कामें फार असतात, एवढेंच तो म्हणे. मला तें मार्स्टन मूरचें पत्र आठवलें. आणि हात धुण्याचें निमित्त करून मी मागल्या दारीं गेलों.